रविवारची बैठक आजींसाठी

सभासदांनो, येत्या रविवारी दुपारी चार वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. पुस्तकावरची चर्चा पुढच्या महिन्यात.

आपल्या आजी ९२ व्या वर्षी गेल्या. गोव्यातल्या फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपाऱ्या सोलत वाढलेल्या या बाईंना लहानपणी शाळा मिळाली नाही. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर गावात मराठी शाळा निघाली, तेव्हा मुलांच्या पाटीवर त्या स्वतःची अक्षरे गिरवू लागल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि पासष्टीच्या आजी पिशवी घेऊन निघाल्या, त्या पार काशीपर्यंत! मला तर त्यांचा हेवाच वाटायचा.

त्यांनी दिलेली पुस्तके कुणाकडे असतील तर जरूर आणा. आत खुणेला ठेवलेली जुनी तिकिटे काढू नका, पाठीमागे पेन्सिलने स्टेशनांची नावे आहेत. नातीला ती हवी आहेत.