चहा चांगलाच, पण ताटाजवळ नको

महोदय,

नागपुरात तर्री-पोह्यांची प्लेट संपत आली की चहा मागवायचा, हा क्रम ठरलेला आहे. कार्यालयांच्या कॅन्टीनमध्ये, वसतिगृहांच्या मेसमध्ये, लग्नघरी, सगळीकडे नाश्ता आणि चहा एकाच वेळी समोर येतात. चहाचे आरोग्याला फायदे आहेत का, असे आहारशास्त्र शिकवणाऱ्या आम्हाला नेहमी विचारले जाते. फायदे आहेत. पण चहा कोणत्या बागेतला आणि किती महाग, यापेक्षा तो केव्हा आणि कसा घेतला यावर ते जास्त अवलंबून असतात. त्यातही ‘केव्हा’ हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून हे पत्र.

पोहे, हरभरे, डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीराला मुळातच कमी लागू होते. मांस-मासळीतले लोह तुलनेने सहज शोषले जाते. वनस्पतींतल्या लोहाला मात्र आतड्यात विरघळलेल्या अवस्थेत राहावे लागते, तरच ते रक्तात जाते. चहातली पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्ये नेमके हेच होऊ देत नाहीत. ती लोहाला पकडतात आणि पकडलेले लोह न शोषले जाता बाहेर पडते. जेवणासोबत एक कप चहा घेतला तर त्या जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते, हे १९७० च्या दशकापासून प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. दूध घातले म्हणजे ही अडचण टळते, असा समज आहे. तो बरोबर नाही. ग्रीन टीमध्येही हीच तुरट द्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे तिलाही सूट नाही.

आपल्याकडे याचे महत्त्व का, ते आकड्यांत पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय (ॲनिमिया) असल्याचे आढळले. त्याला चहा एकटा कारणीभूत नाही. अपुरा आहार, जंत, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे ही मोठी कारणे आहेत. पण ज्या बाईच्या ताटात आधीच लोह कमी आहे, तिचे आहे तेही जेवणानंतरच्या चहामुळे वाया जावे, हे आम्हाला फार लागते. कारण हे नुकसान टाळायला एक रुपयाही खर्च होत नाही. चहा सोडायचा नाही, फक्त सरकवायचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत हेच सांगितले आहे: जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये.

प्रत्यक्षात हे जमवायचे ते असे. सकाळी उठल्यावरचा चहा सात वाजता होत असेल तर पोहे आठ-सव्वाआठला. दुपारचा डबा एकला, तर चहा दोननंतर. तीन वाजता घेतला तर आणखी बरे. पोह्यांवर लिंबू पिळायला विसरू नये आणि ते गंज, म्हणजे पातेले, खाली उतरवल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. हे जीवनसत्त्व चहाच्या उलट काम करते, लोहाला विरघळलेले ठेवते. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरला की त्यात थोडी भर पडते. जेवणानंतर तोंडात काही हवेच असेल तर चहाच्या जागी संत्र्याच्या फोडी घ्याव्यात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात. मधल्या महिन्यांत आवळा, पेरू किंवा नुसते लिंबूपाणी चालते. पेरूत तर हे जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असते.

लोहाच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतींना रोज लाल गोळी दिली जाते, शाळकरी मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी किंवा गुलाबी. गोळीने मळमळते म्हणून ती चहाच्या घोटाबरोबर गिळण्याची सवय अनेक घरांत आहे. तशी घेतलेल्या गोळीचा मोठा हिस्सा फुकट जातो. दुधाबरोबरही घेऊ नये, दुधातले कॅल्शियम लोहाच्या आड येते. पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी आणि मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण चहा तिच्यापासून दूर ठेवावा. थायरॉईडची गोळीही उपाशीपोटी नुसत्या पाण्याने घ्यायची असते. चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठत जाते, म्हणून त्यांनी लोहाची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

गुळाच्या चहाने लोह मिळते, हा प्रचार तर थांबायलाच हवा. गुळात लोह थोडे असते, आणि जे असते ते त्याच कपातली तुरट द्रव्ये अडवतात. गूळ आवडतो म्हणून घालावा, औषध म्हणून नव्हे. उकळत्या दुधाच्या चहात टाकला तर चहा फाटू शकतो. गॅस बंद करून मिनिटभराने घातला तर सहसा फाटत नाही.

आता चहाच्या गुणांकडे. काळ्या चहात थिआफ्लेविन आणि ग्रीन टीमध्ये कॅटेचिन ही पॉलिफेनॉल द्रव्ये असतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचिक राहायला यांची मदत होते आणि नियमित चहाने रक्तदाब किंचित उतरतो, असे प्रयोगांत दिसते. उतार थोडासाच असतो, रक्तदाबाच्या गोळीची जागा घेण्याइतका नव्हे. चहात थिॲनिन नावाचे अमिनो आम्लही असते. कॅफिनसोबत ते असल्यामुळे चहाची तरतरी कॉफीपेक्षा शांत वाटते. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या ११ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्के कमी आढळला. हे लोक मुख्यतः काळा चहा पिणारे होते आणि दूध घालणाऱ्यांतही हा संबंध दिसला. अशी पाहणी संबंध दाखवते, कार्यकारण सिद्ध करत नाही, हे वाचताना लक्षात ठेवावे. २००७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना उलट असे दिसले होते की दुधातले केसीन हे प्रथिन कॅटेचिनला बांधते आणि रक्तवाहिन्या सैल करण्याचा चहाचा गुण मावळतो. मात्र त्या प्रयोगात फक्त १६ स्त्रिया होत्या. तेव्हा दुधाच्या चहाला निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. फक्त ब्रिटनमधला चहा आणि आपला चहा वेगळे आहेत, हे विसरू नये. तिथे गरम पाण्यात काही मिनिटे मुरलेली पत्ती आणि वर थोडेसे दूध; आपल्याकडे निम्मे दूध, दोन चमचे साखर आणि दहा मिनिटांची उकळी.

दहा मिनिटे उकळून नुकसान काय होते, तेही समजून घ्यावे. आपली दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, गोळ्या केलेली असते. तिचा रंग आणि अर्क दोन-तीन मिनिटांतच उतरतो. त्यानंतर उतरत राहतो तो तुरटपणा, वास मात्र उडून जातो. मग तो तुरटपणा झाकायला साखर वाढते. ठेल्यांवर तीच पत्ती पुन्हा पुन्हा उकळल्याने चहा काळपट आणि कडू होतो, आणि म्हणूनच तिथल्या कपात साखर सर्वांत जास्त असते.

दोन कपांसाठी गंजात २२० मिलिलिटर पाणी घ्यावे. नखाएवढे आले ठेचून त्यात दोन मिनिटे उकळू द्यावे. आले आधी पाण्यात उकळण्याचे कारण आहे: कच्च्या आल्यात दूध फाडणारे पाचक द्रव्य असते, ते उकळीने निकामी होते. मग आच मंद करून दोन लहान चमचे पत्ती, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, घालावी, झाकण ठेवावे आणि दोन मिनिटे थांबावे. दुसरीकडे तापवलेले १०० मिलिलिटर दूध त्यात ओतून एकच उकळी आणावी आणि लगेच गाळावे. पत्ती सुरुवातीपासून दुधात उकळली तर चहा फिका लागतो आणि पत्ती वाढवावीशी वाटते. कोऱ्या चहात लिंबू पिळायचे असेल तर ते कपात, गाळल्यानंतर.

साखरेचा हिशेब साधा आहे. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले की ४० ग्रॅम, महिन्याला माणशी सव्वा किलोच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि त्यात बिस्किटे, शीतपेये, मिठाई सगळे आले. गूळ आणि मधही याच हिशेबात धरतात. साखर एकदम बंद केली की चहा घशाखाली उतरत नाही आणि चार दिवसांत माणूस पुन्हा मूळ पदावर येतो. दर आठवड्याला पाव चमचा कमी करावा. सहा आठवड्यांत दोनवरून अर्ध्या चमच्यावर येता येते. जिभेला कळतही नाही. वेलची किंवा बडीशेप घातली की गोडीचा भास राहतो. मधुमेही माणसाने ‘चहा फिका घेतो’ म्हणून सोबत खारी-टोस्ट घेतले तर त्या फिकेपणाचा उपयोग नाही.

कॅफिन एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. गर्भवतींनी २०० च्या आत राहावे. म्हणजे इतरांसाठी चार कप पुरे, गर्भवतींसाठी दोन-तीन. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. रात्री झोप लागत नाही म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतरचा कप आधी बंद करून पाहावा. लहान मुलांना चहाची गरज नाही.

फार गरम पिणे टाळावे. ६५ अंश सेल्सियसच्या वरचे कोणतेही पेय नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले. दोष चहाचा नव्हे, चटक्याचा. गाळल्यावर पाच-सहा मिनिटे थांबावे, किंवा जुनी माणसे बशीत ओतून पितात तसे प्यावे. ती पद्धत शास्त्राला धरून आहे. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये दाखवले की १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे अशा कपात राहिले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. काचेचा ग्लास किंवा कुल्हड मागावा.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की ‘चहाने शरीर सुकते’ असे म्हणतात. दोन-तीन कपांनी तसे होत नाही, त्यातले पाणी शरीराला मिळतेच. पण तहान लागल्यावर चहा हे उत्तर नव्हे. आधी पाणी, ताक किंवा पन्हे. ज्यांना ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी गडद कोरा चहा वारंवार घेऊ नये. त्यांना दूध घातलेला बरा, कारण दुधातले कॅल्शियम चहातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधते.

चंद्रपूर, यवतमाळच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे आणखी एक गोष्ट. चहाचे झाड जमिनीतले फ्लोराइड पानांत साठवते, जून पानांत अधिक. आणि पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. अशा गावांत चहासाठीही फ्लोराइड काढलेले पाणीच वापरायला हवे.

सुटी पत्ती घेताना भेसळ घरी तपासता येते. पांढऱ्या गाळणकागदावर चिमूटभर पत्ती पसरून वर पाणी शिंपडावे, थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरावा. डाग उमटले असतील तर पत्तीला रंग चढवलेला आहे. लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीस मिसळलेला असल्यास तो वर येतो. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलपासून मात्र दूर राहावे. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतले एक कॅटेचिन) पूरक स्वरूपात घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले आहे.

आमची विनंती वसतिगृहांच्या मेस, कार्यालयांची कॅन्टीन आणि प्रशिक्षण शिबिरे चालवणाऱ्यांना आहे. नाश्ता आठला असेल तर चहाचा थर्मास साडेनऊला बाहेर काढा, आणि नाश्त्याच्या टेबलावर चिरलेली लिंबे ठेवा. साखर वेगळ्या डब्यात द्या, प्रत्येकाला आपली घालू द्या. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी लोहाची गोळी देताना ‘चहाबरोबर नको’ हे शब्द गोळीसोबतच सांगावेत, आणि शाळेत गोळीच्या दिवशी मुलांजवळ पाण्याची बाटली आहे का, ते गुरुजींनी आधी पाहावे.

आपल्या,
आहारशास्त्राच्या दोन शिक्षिका,
नागपूर