फेब्रुवारीत आमचं गाव रिकामं असतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी कागदावर आमच्या गावाची माहिती दोन ओळीत संपते. तालुका पाटोदा जिल्हा बीड ही एक ओळ, अन दुसरी २०११ ची लोकसंख्या. पहिली बरोबर आहे. दुसरीबद्दल लिहितोय.

गाव बालाघाटच्या डोंगरात. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते पण धरण झालं खाली धनेगावला, पाणी जातं लातूरकडं, आमच्या वाट्याला मुरमाड रानं. म्हणून दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, लेकरंबाळं संसार ट्रॅक्टरमध्ये टाकून ऊसतोडीला निघतात, कोल्हापूर सांगली पुणे, काही तर पार कर्नाटकात, ते परत येतात मार्च-एप्रिलला. गावात मागं म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेची पोरं.

आता मागची जनगणना कधी झाली बघा. ९ ते २८ फेब्रुवारी २०११. ऐन सीझन! आणि नियम असा की त्या सगळ्या दिवसात माणूस गावाबाहेर असला तर त्याला घरी मोजायचं नाही, जिथं असेल तिथं मोजायचं. कागदावर एकदम ठीक. पण कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाऊन मोजणार कोण, अन गेला तरी भेटणार कोण, पहाटे अंधारातच लोक फडात गेलेले असतात, गाडी भरून व्हायला कधीकधी रात्र होते आणि एक फड संपला की टोळी पुढच्या गावाला. मोजलं गेलं तरी तो आकडा तिकडच्या गावात धरला जातो, आमच्यात नाही.

कुणी म्हणेल आकड्याचं काय एवढं. १५०० पर्यंत लोकसंख्या असली की ग्रामपंचायतीला ७ सदस्य, वर गेली की ९. डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्राला ३००० माणसं लागतात. नळयोजना माणशी ५५ लिटरनं, म्हणजे परत माणसं किती हाच प्रश्न, मग सगळे घरी आल्यावर ऐन उन्हाळ्यात टाकी पुरत नाही तर त्यात नवल काय? पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा नवीन टप्पा पण २०११ च्याच आकड्यावर आहे.

२०२१ ची जनगणना कोरोनात राहिली. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरलीय, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. यावेळी जातपण नोंदवणार आहेत, म्हणजे जो मोजला नाही त्याची जात पण राहिली. देशाची तारीख आमच्यासाठी बदला असं म्हणत नाही, ते होणार पण नाही. पण कुठली टोळी आज कुठल्या फडात आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, रोज माहीत असतं, त्याला सोबत घेऊन प्रगणक फडावर पाठवता येतात की नाही? आणि ओळखपत्रासाठी ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंदणी केलेली आहेच, ती अपडेट करून गावाच्या लोकसंख्येशेजारी ‘हंगामी स्थलांतरित’ असा वेगळा आकडा छापा, योजना मंजूर करताना दोन्हीची बेरीज धरा.

तुमच्या बातमीदारांनी बीडच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या कलेक्टर ऑफिसला एवढं विचारावं की फडावरची माणसं मोजायला कुणाची ड्युटी लावलीय. उत्तर छापून आलं तर आमच्या पारावर वाचून दाखवू.

आपला एक वाचक,
ता. पाटोदा, जि. बीड