लँगहॅमरला मुंबईने विसरू नये

मा. संपादक, स.न.वि.वि.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपवर, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या त्या गटावर, आपल्याकडे इतकं लिहून येतं, हुसेन, रझा, आरा सगळे असतात, पण वॉल्टर लँगहॅमरचं नाव ओझरतं येतं आणि गायब होतं, ह्याचं खरंच वाईट वाटतं. हा ऑस्ट्रियन चित्रकार, बायको केटे ज्यू, 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर दोघं जीव वाचवून मुंबईत आले. इथे त्याला टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टरची नोकरी मिळाली. पोटापाण्याची सोय झाली म्हणून तो गप्प बसला नाही, नेपियन सी रोडच्या घरचा स्टुडिओ त्याने तरुण चित्रकार पोरांना मोकळा करून दिला. तिथे युरोपातल्या चित्रांचे प्रिंट्स समोर ठेवून रंगांवर तासन्‌तास चर्चा चालायच्या. गाड्या धुवून पोट भरणारा आरा आणि मध्य प्रदेशातून आलेला रझा, ज्यांना विचारणारं फारसं कोणी नव्हतं, त्यांना ह्या माणसाने हात दिला. सोबत समीक्षक रुडी फॉन लायडन आणि चित्रं विकत घेणारे श्लेसिंगर होतेच, तेही नाझींमुळेच इकडे आलेले.

आणि तो स्वतःही जबरदस्त रंगवायचा हो! इथल्या उन्हाने त्याचे रंग भडक, जाडसर झाले. पुढे पन्नासच्या दशकात तो लंडनला गेला.

त्याच्या चित्रांचं एक नीट प्रदर्शन मुंबईत व्हावं, जहांगीर आर्ट गॅलरीने किंवा एनजीएमएने (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने) मनावर घ्यावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, गिरगाव