लायना रिंकवरच्या मॅचआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला आलात की कॉर्नेल विद्यापीठाची आइस हॉकीची मॅच बघायचीच आहे, म्हणून थोडं आधीच लिहून ठेवते. लायना रिंक म्हणजे कॉर्नेलचं बर्फाचं बंदिस्त मैदान, १९५७ सालचं, जेमतेम चार हजार माणसांचं. १९७० साली इथला संघ २९ पैकी २९ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. इथल्या जुन्या प्रेक्षकांना हा आकडा तोंडपाठ असतो.

बाबा, पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची रबरी चकती. मॅचआधी ती गोठवतात, कारण ऊबदार रबर बर्फावर उड्या मारतं. नुसतं तिच्यामागे धावलात तर नजर चुकणारच. माणसं बघा. खेळाडूंचे खांदे आणि गोलकीपर ज्या बाजूला वळतात, तिकडेच चकती असते. म्हणून मैदानाभोवतीच्या काचेला चिकटून बसायचं नाही, जवळचा कोपरा दिसत नाही. मधल्या रेषेच्या आसपास, वरच्या रांगा उत्तम. विद्यार्थ्यांच्या भागात मात्र नको, तिथे सगळे पूर्ण वेळ उभे असतात.

शिट्टी वाजण्याची दोन कारणं आधी समजून घ्या. चकतीच्या आधी हल्लेखोर समोरच्या संघाच्या बाजूची निळी रेषा ओलांडून आत शिरला, तर ऑफसाइड. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेली चकती कुणालाही न लागता थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेली, तर आयसिंग. आयसिंग करणाऱ्या संघाला त्यानंतर खेळाडू बदलता येत नाहीत. एरवी पाऊण मिनिटाला बदलणारे ते पाच जण दमलेलेच आपल्या गोलसमोर उभे राहतात. ते क्षण सोडू नका. साधा फाउल झाला की खेळाडू २ मिनिटं बाहेर बसतो. कबड्डीसारखाच एक माणूस कमी, फक्त तेवढ्यात गोल खाल्ला तर तो लगेच परत येतो. शेवटच्या मिनिटांत मागे पडलेला संघ गोलकीपर काढून सहावा हल्लेखोर उतरवतो. गोल मोकळा दिसला तर ती चूक समजू नका.

आई, अमेरिकेचं राष्ट्रगीत चालू असताना ‘रेड’ हा शब्द आला की सगळे ‘रेड!’ म्हणून ओरडतात, दचकू नकोस. पाहुण्या संघातल्या खेळाडूंची नावं पुकारताना सगळे वर्तमानपत्रं उघडून बसतात. हार्वर्डच्या मॅचला काहीजण बर्फावर मासे फेकतात. ते मला मुळीच पटत नाही, कारण त्यापायी आपल्याच संघाला दंड बसू शकतो.

२०-२० मिनिटांची तीन सत्रं, मध्ये दोनदा मध्यांतर. तेव्हा झाम्बोनी नावाची गाडी बर्फ खरवडून वर गरम पाण्याचा पातळ थर देते. गरम पाणी जुना थर किंचित वितळवून त्याच्याशी नीट जुळतं. बाथरूमला जायचं तर सत्र संपायच्या मिनिटभर आधीच उठा, नाहीतर अर्धं मध्यांतर रांगेत जाईल.

आत गारठा असतो. लोकरीचे मोजे, थर्मल आणि खाली रबरी तळ असलेले बूट हवेत, बाहेरच्या पार्किंगमध्ये बर्फ निसरडा होतो. आई, तुझी जाड शाल मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव.

तुमची लेक