टोकियो संपतं तिथून सुरू होणारा गेम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गेम आणि त्याचं व्यसन ह्यावर तुम्ही पानभर लेख छापला होता, त्यातला पैसे लावायच्या अ‍ॅपवरचा भाग एकदम बरोबर होता, त्याबद्दल वाद नाहीच. पण शेवटी शेवटी लेखकाने सगळेच गेम एका पोत्यात भरले आणि वर एक प्रश्न टाकला की दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेला चांगला शिकलेला माणूस रात्री परत हरायला कशाला बसतो, त्याला ह्यात मिळतं काय. टोमणा होता हे कळतंय मला, पण प्रश्न खरंच चांगला आहे आणि मी अगदी तसलाच माणूस आहे (बँकेत आहे, चाळिशी आली), म्हणून म्हटलं उत्तर द्यावं. सगळ्या गेमांची वकिली करत नाही, एकाच गेमबद्दल बोलतो.

गेमचं नाव शिन मेगामी टेन्सेई थ्री नॉक्टर्न. जपानच्या अ‍ॅटलस कंपनीने २००३ साली प्लेस्टेशन २ साठी काढला, पुढच्या वर्षी मॅनियाक्स नावाची वाढीव आवृत्ती आली आणि तीच मग अमेरिकेत आणि युरोपात गेली. २०२१ मध्ये तो डागडुजी करून जगभर स्विच, प्लेस्टेशन ४ आणि पीसीवर परत आला, मी तोच खेळतो. पर्सोना हे नाव बऱ्याच पोरांनी ऐकलेलं असतं, तर पर्सोना ही ह्याच घराण्याची १९९६ पासूनची धाकटी शाखा, तिच्यात शाळा, मैत्री, प्रेमबिम सगळं आहे. थोरल्या शाखेत तसलं काही नाही, तिथे सुरुवातीलाच जग संपतं.

होतं असं की एक शाळकरी पोरगा आणि त्याचे दोन मित्र, इसामू आणि चिआकी, टोकियोतल्या शिंजुकूच्या हॉस्पिटलात आपल्या बाईंना भेटायला जातात. हॉस्पिटल रिकामं. कुणीच नाही, ना नर्स ना पेशंट. थोड्या वेळाने गच्चीवर बाई भेटतात आणि शांतपणे सांगतात की आता जग संपणार आहे, आणि ते तिथंच डोळ्यांदेखत संपतं. टोकियो शहर आतल्या बाजूला वळतं आणि त्याचा एक पोकळ गोळा होतो, म्हणजे डोक्यावर बघितलं तर आकाशाच्या जागी समोरच्या बाजूची जमीन, आणि मधोमध कागुत्सुची नावाचा एक लखलखणारा गोळा जो चंद्रासारखा कलेकलेने वाढतो आणि कमी होतो. माणसं जवळपास सगळी मेली. आपल्या पोराच्या डोळ्यात एक किड्यासारखी वस्तू सोडली जाते आणि तो अर्धा माणूस अर्धा डीमन (ह्या गेममध्ये भुतंखेतं, राक्षस, देव सगळ्यांना डीमनच म्हणतात) होऊन उठतो, अंगभर चमकणारं गोंदण, मानेवर मागे शिंग. आमच्या आईने एकदा स्क्रीन बघून विचारलं होतं की हा उघडाबंब पोरगा कोण आणि ह्याला कुणी शर्ट का देत नाही. बरोबर आहे तिचं, शेवटपर्यंत देत नाहीत.

आता अवघडपणाबद्दल, कारण लेखकाचा प्रश्न तोच होता. ह्या गेममध्ये लढाईची जी पद्धत आहे तिला प्रेस टर्न म्हणतात आणि ती ह्याच गेममध्ये पहिल्यांदा आली. तुमच्या बाजूला चार जण असतील तर तुम्हाला चार चाली. समोरच्याच्या दुबळ्या जागेवर मारलं, म्हणजे ज्याला बर्फ सोसत नाही त्याच्यावर बर्फ टाकला, की ती चाल अर्धीच खर्च होते, म्हणजे नीट खेळलात तर चाराच्या आठ चाली होतात. पण नेम चुकला किंवा समोरच्याला त्या माराचं काहीच वाटत नसेल तर एकदम दोन चाली गेल्या, आणि मार त्याने शोषून घेतला किंवा उलटा परतवला तर तुमची पाळीच संपली, बसा बघत. आणि मेन गोष्ट ही की हेच्या हेच नियम शत्रूलाही लागू आहेत. म्हणजे तो तुमची दुबळी जागा शोधतो आणि त्यालाही जादा चाली मिळतात, पण तुम्ही तयारी करून गेला असाल तर त्याचीही पाळी एका चुकीत संपते. बाकीच्या बऱ्याच गेममध्ये तुम्ही लेव्हल वाढवत बसलात की शेवटी शत्रू पडतोच, इथे लेव्हल वाढवून फार काही होत नाही, समोर कोण आहे, त्याला काय चालतं काय चालत नाही, आपल्यात कच्चा कोण आहे हे बघायलाच लागतं.

ह्याचं जाहीर उदाहरण म्हणजे मॅटाडोर. ज्याने कुणी हा गेम खेळलाय त्याच्यापुढे हे नाव काढा आणि चेहरा बघा. टोकियोतल्या गिन्झा भागाच्या खाली एक लांबलचक भुयारी रस्ता आहे तिथे जाताना हा बैलाशी झुंजणाऱ्याच्या भरजरी पोशाखातला सांगाडा आडवा येतो, तलवार आणि लाल कापड घेऊन. तोवर तुमचं बरं चाललेलं असतं आणि तुम्हाला वाटायला लागलेलं असतं की आपल्याला जमतंय. तो लाल कापड एकदा फडकवतो आणि इतका चपळ होतो की तुमचे फटके लागतच नाहीत, आणि फटका हुकला की दोन चाली जातात हे वर सांगितलंच, म्हणजे तुम्ही मारायला जाता आणि स्वतःचीच पाळी संपवून घेता. मग तो एकामागून एक वार करतो आणि काळा पडदा. परत शेवटच्या सेव्हपासून. पहिल्यांदा राग येतो, गेम बेकार आहे असं वाटतं. नंतर शांतपणे विचार केला की लक्षात येतं अरे ह्याला तर आधी मंद करायला पाहिजे, त्यासाठीचे मंत्र आपल्याला आधीपासून मिळालेले आहेत पण आपण मारामारीच्या नादात ते कधी वापरलेच नाहीत, आणि त्याच्या झंझावाताला दाद न देणारे साथीदार बरोबर घ्यायला पाहिजेत. तेवढं केलं की तोच मॅटाडोर आटोक्यात येतो. ही लढाई परीक्षेसारखी तिथे ठेवलेली आहे आणि परीक्षेचा पोर्शन आधी शिकवून झालेला आहे, हे मला फार आवडतं. लेखकाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, ऑफिसात हरलो तर का हरलो ते कुणी सांगत नाही हो, प्रमोशन का हुकलं ते आजवर मला कळलेलं नाही, इथे दर वेळी कळतं.

एक नियम मात्र मलाही पटत नाही, तो असा की तुमचा हिरो मेला की खेळ खलास, बाकीचे तिघे धडधाकट उभे असले तरी. शापाचा एक मंत्र नेमका लागला की तासाभराची मेहनत पाण्यात. ज्यांना हे असह्य होतं त्यांच्यासाठी नवीन आवृत्तीत मर्सिफुल नावाचा सोपा मोड फुकट दिलाय, त्यात खेळण्यात कमीपणा काही नाही, फक्त मग प्रेस टर्नची सगळी गंमत निघून जाते आणि उरते ती गोष्ट, आणि गोष्टही वाईट नाहीये.

साथीदार मिळवायचे म्हणजे डीमन लोकांशी बोलणी करायची. बोलणी म्हणजे काय, तो पैसे मागतो, दिले की औषध मागतो, ते दिलं की रत्न मागतो आणि मग कधी येतो बरोबर, कधी सगळं घेऊन निघून जातो, भाड्याच्या खोलीचं टोकन घेऊन गायब होणाऱ्या एजंटसारखा. कागुत्सुची पूर्ण भरलेला असेल तेव्हा तर बोलायलाच जाऊ नका, त्या वेळी ते भानावर नसतात. मिळालेल्या डीमनना एकमेकांत मिसळून नवीन डीमन बनवायचा, जुना कायमचा जातो आणि त्याच्या विद्येतलं थोडं नव्यात उतरतं. अगदी सुरुवातीला हॉस्पिटलमध्येच पिक्सी नावाची एवढीशी परी तुमच्याबरोबर येते, योयोगी पार्कपाशी पोचल्यावर ती विचारते की आता मी जाऊ का, बहुतेक जण तिला जाऊ देतात किंवा पुढे कशात तरी मिसळून टाकतात. पण ती किंवा तिच्यापासून बनत गेलेला डीमन तुम्ही खूप पुढपर्यंत सांभाळलात तर अमाला नावाच्या भुलभुलैयाच्या पाचव्या कल्पात, म्हणजे पाचव्या थरात, ती एकदम जबरदस्त ताकदीची होऊन परत मिळते. गेममध्ये हे तुम्हाला आधी कुणीही सांगत नाही. इतक्या कोरड्या गेममध्ये ही एवढी माया कुणीतरी गुपचूप ठेवलीय.

आता काही वाचक डोळे वटारतील ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. ह्या डीमनांच्या यादीत आपले देव आहेत. शंकर, विष्णू, लक्ष्मी, सरस्वती, पार्वती, काली, असे बरेच, आणि त्यांच्याबरोबर ग्रीक, नॉर्स, ज्यू, ख्रिस्ती, चिनी, आणि जपानचे स्वतःचे अमातेरासूपासूनचे देव, सगळे एकाच पंगतीला, तिथे कुणाला वेगळं पान नाही. मला सुरुवातीला कसंतरी झालं हे खरं. पण जपान्यांना आपले देव परके नाहीत, बौद्ध धर्माबरोबर ते तिकडे हजारेक वर्षांपूर्वीच पोचलेत, सरस्वती तिकडे बेन्झाइतेन म्हणून पुजली जाते, टोकियोतच उएनोच्या तळ्यात तिचं देऊळ आहे, गणपती कांगितेन म्हणून आहे, कुबेर बिशामोन म्हणून आहे आणि तो ह्या गेममध्येही भेटतो. शंकर बनवायचा तर रांगदा आणि बारोंग ही बालीतली कायम भांडणारी जोडी एकत्र करावी लागते, आणि तो अगदी शेवटी शेवटी, नव्वदीच्या पुढच्या लेव्हलला मिळतो. काझुमा कानेको ह्यांनी काढलेली ही सगळी चित्रं नीट बघा, टिंगल कुठेच नाही. माझ्या मते आपल्या काही मालिकांमधल्या देवांपेक्षा इथले देव जास्त देव वाटतात. कुणाचं मत वेगळं असेल, असू दे.

आणि आता काळोखाबद्दल. रक्ताचा सडा वगैरे ह्या गेममध्ये जवळपास नाहीच, लेखात हिंसा हिंसा म्हणून जे होतं ते इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल. इथला काळोख वेगळा आहे. जुनं जग संपलंय आणि नवीन कसं असावं हे ठरवायचंय, आणि त्यासाठी जो तो आपापलं तत्त्वज्ञान घेऊन उभा आहे. हिकावा नावाचा माणूस, ज्याने एका पंथाच्या पोथीवरून हे सगळं घडवून आणलं, त्याला असं जग हवंय जिथे कुणाला इच्छाच नसेल, राग लोभ काही नाही, सगळं शांत. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत एका पंथाने विषारी वायू सोडला होता, तो ज्यांनी बघितला त्या जपानी खेळाडूंना हा हिकावा अगदीच कल्पनेतला वाटला नसणार असं मला वाटतं. आणि बाकी दोन तत्त्वज्ञानं कुणाची, तर तुमच्याच त्या दोन मित्रांची. इसामूला काबुकिचोच्या तुरुंगात डांबून छळतात, वाचवायला वेळेत कुणी येत नाही, तर तो ठरवतो की कुणावर अवलंबूनच राहायचं नाही, प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं जग. चिआकी हात गमावते आणि ठरवते की जगायचा हक्क फक्त ताकदवानाला. आणि मग ती असाकुसात मातीपासून बनलेली जी मॅनिकिन नावाची बिचारी थरथरती माणसं आपलं गाव परत उभं करायला धडपडत असतात त्यांची कत्तल करते. ती तुमच्या वर्गातली पोरगी असते. गेम तुम्हाला थांबवू देत नाही, आणि नंतर विचारतो, बोल, हिच्या बाजूने येतोस का?

एकही बाजू धड नाही. मी खूप वेळ शोधत होतो की चांगला पर्याय कुठला, पिक्चरमध्ये असतो तसा. मॅनियाक्स धरून सहा शेवट आहेत, त्यातल्या एकात जुनं जग परत येतं, पण तोही शेवट सुखाचा म्हणावा तर कागुत्सुची मरता मरता शाप देऊन जातो. आणि इथे मला वाटतं अवघड लढाई आणि काळी गोष्ट ह्या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. कीव कुणी करत नाही, लाड कुणी करत नाही, तू हिरो आहेस म्हणून नियम वाकत नाहीत, लढाईतही नाही आणि गोष्टीतही नाही. टीव्ही लावला तर सगळे मला खूश करायला बसलेत, मोबाईल उघडला तर तेच, जाहिरातवाले तर विचारूच नका, आणि रात्री हा एक गेम आहे ज्याला मी खूश आहे का नाही ह्याची काही पडलेली नाही. ह्यात जो आराम आहे तो लेखकाला शब्दात कसा सांगू कळत नाही.

दोष आहेत, भरपूर. चालता चालता मधूनच लढाई सुरू होते ती फार वेळा होते, काही भुलभुलैये निव्वळ वेळ खातात, शोजी मेगुरोचं गिटारवालं संगीत जबरदस्त आहे पण नव्या आवृत्तीत त्याचा आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो, आणि दान्ते नावाचं दुसऱ्या गेममधलं पाहुणं पात्र पाहिजे असेल तर त्याचे वेगळे पैसे, हे मला अजिबात आवडलेलं नाही. जुन्या आवृत्तीत तर डीमन मिसळताना कुठली विद्या उतरणार ते नशिबावर असायचं, मनासारखी यादी येईपर्यंत लोक तेच पान उघडबंद करत बसायचे. निदान ते तरी आता सुधारलंय. आणि लहान पोरांच्या हातात हा गेम देऊ नका, त्यांना कळणारही नाही आणि झोपही लागणार नाही.

तर विनंती एवढीच की पुरवणीत सिनेमा, नाटक, पुस्तक सगळ्याचं परीक्षण येतं, त्यात महिन्यातून एकदा एखाद्या गेमचंही येऊ द्या, खेळलेल्या माणसाने लिहिलेलं. व्यसनावरचे लेख छापाच, ते पाहिजेतच, पण मागच्या रविवारच्या लेखावर जो फोटो टाकला होता तो शेतीच्या गेमचा होता, ज्यात पोरगी कोबी लावतेय. हिंसेबद्दलच्या लेखावर. तेवढं तरी पुढच्या वेळी कुणाला तरी विचारून करा.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
सांगली