टाऊन हॉलचे जुने फोटो घरात असतील तर शोधा की जरा!

नमस्कार कोल्हापूरकर मंडळी,

आपल्यातला शाळेच्या सहलीबरोबर टाऊन हॉलला, म्हणजे आपल्या म्युझियमला, न गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण काय बघितलं म्हणून विचारलं तर ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो ब्राँझचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव), वीरगळ, बाहेरच्या तोफा एवढंच आठवतं. इमारत कुणी बघतच नाही. म्युझियम तिथं आलं 1949 ला आणि इमारत 1872 ते 76 च्या दरम्यानची, म्हणजे मधली सत्तरेक वर्षं त्या हॉलमध्ये सभा कसल्या झाल्या, सत्कार कुणाचे झाले, माणसं बसायची कशी, यातलं एकही चित्र आमच्या मंडळाकडं नाही. ते गोळा करायचं ठरवलंय.

इमारतीचा आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांचा, नवा राजवाडा पण त्यांचाच. आणि यातली खरी भारी गोष्ट म्हणजे दुसरे राजाराम महाराज 1870 ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले, तिथं 1874 ला त्यांची जी छत्री, म्हणजे स्मारक, उभी राहिली ती पण मँटचीच, म्हणजे इकडं कोल्हापुरात टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे असला पक्का विलायती गॉथिक टाऊन हॉल चढत होता आणि त्याच वेळी तिकडं इटलीत आपल्या पद्धतीची घुमटाची छत्री, दोन्ही एकाच माणसाच्या हातची! पुढं 1877 ला नवा राजवाडा सुरू केला तेव्हा त्यांनी दोन्ही पद्धती एकत्र आणल्या. राजवाडा बघून लगेच टाऊन हॉलला या, दर्शनी कमानीखाली थांबून वर बघा, काळा दगड दोन्ही बाजूंनी चढत जाऊन टोकाला कसा जुळवलाय, म्हणजे फरक आपोआप कळंल. आमच्या मते मँटना समजून घ्यायचं तर टाऊन हॉलपासूनच सुरुवात करायला पाहिजे.

तर मंडळी, ट्रंका उघडा, माळे काढा. जुने फोटो, निमंत्रणपत्रिका, हँडबिलं, आजोबांच्या डायरीतली चार ओळींची नोंद, काहीही चालंल. बागेत काढलेल्या ग्रुप फोटोत मागं नुसता मनोरा दिसत असला तरी पाठवा, कारण छपराची कौलं, खिडक्या तेव्हा कशा होत्या ते असल्या फोटोतच सापडतं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, हे काम उद्यावर टाकू नका. आर्किटेक्चरच्या पोरापोरींनी मोजमाप आणि ड्रॉइंगसाठी नावं द्यावीत, म्युझियमची रीतसर परवानगी मिळाल्याशिवाय आपण आत टेप लावणार नाही.

स्कॅनिंग आणि अल्बम छपाईसाठी वर्गणी पण लागणारच आहे, ज्याला जेवढी जमंल तेवढी द्या, पावती मिळेल आणि हिशोब सगळ्यांसमोर मांडू. फोटो कुणाचा ठेवून घेणार नाही, तुमच्या घरी येऊन तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ प्रत तिथंच परत देऊ, फक्त फोटोमागं काही लिहिलेलं असेल तर ती बाजू पण स्कॅन करू द्या.