थेट सरपंच हवा, पण आधी मतदारयादीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरपंच सदस्यांनी निवडायचा की गावानं थेट, यावरून आपल्या राज्यात कायदा नुसता पुढंमागं चाललाय. २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला आघाडी सरकारनं ती काढली, २०२२ ला शिंदे-फडणवीस सरकारनं परत आणली. मी थेट निवडीच्याच बाजूचा आहे, कारण आधी चार सदस्य उचलून लॉजवर नेले की सरपंच ठरायचा, गावाला विचारतंय कोण.

पण थेट निवडीनं आमच्या कोकणात एक गोष्ट बदलली आणि तिच्यावर कोणीच बोलत नाही. पूर्वी चाकरमान्यांची नावं यादीत असली तरी त्यांचं मत आपल्या वॉर्डापुरतं चालायचं, आता तेच मत अख्ख्या गावाचा सरपंच ठरवतं. राजापूर तालुक्यात अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप असलेल्या वाड्या आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवारांनी केलेल्या गाड्या विरार, दिव्याहून येतात, सकाळी मतं टाकून संध्याकाळी परत जातात, आणि मग साकव वाहून गेला, मे महिन्यात विहीर आटली, हे पाच वर्षं भोगायचं इथं राहणाऱ्यांनी.

चाकरमान्यांवर माझा राग नाही, माझे सख्खे दोन भाऊ मुंबईला आहेत, देवळाचं काम त्यांच्यासारख्यांच्याच वर्गणीतून झालं. पण १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की नाव एकाच ठिकाणी हवं, आणि कलम २० तर सरळ म्हणतं, गावात नुसतं घर आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी होत नाही. ग्रामपंचायतीची यादी काय वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी वॉर्डावॉर्डात फोडतात, म्हणजे तिथली चूक सरळ गावात उतरते.

त्याच कलमात असंही आहे की तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून रहिवास जात नाही. हे कोण वाचतं? आमच्या शेजारच्या काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन महिने लेकाकडं गेल्या, कुणीतरी येऊन कुलूप बघून गेलं आणि नाव उडालं. कळलं कधी, तर मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर. चाळीस वर्षं त्याच शाळेत मत दिलेली बाई रडत घरी आली, आणि तिकडं दोन ठिकाणी नाव असलेले मत देऊन गाडीत बसले. ते बघून मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझं मागणं एवढंच आहे. गणपतीत सगळा गाव गावात असतो, तेव्हा बीएलओला, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, पाच दिवस शाळेत बसवा आणि वाडीवार यादी मोठ्यानं वाचा. ज्याला मुंबईत मत द्यायचंय त्यानं तिकडचा फॉर्म ८, म्हणजे पत्ता बदलल्याचा अर्ज, भरावा, म्हणजे इथलं नाव आपोआप सुटतं. जो इथं राहतो त्याचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय कापू नका. नवीन अठरा वर्षांच्या पोरांचंही तेव्हाच होईल, १ ऑक्टोबर ही पात्रतेची तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण झालेली बघतात ती, गणपतीनंतर लगेचच येते.

तहसीलदार साहेबांनी माणूस पाठवला तर शाळेची खोली, लाईट आणि दोन वेळचं जेवण आमची वाडी बघेल.

एक मतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी